चेटचे भोंगे आणि साडेतीन मार्कांची गाडी

माझा भाऊ चेस्टर, आमचा चेट, आमच्या हॅमट्रॅम्क गावच्या शाळेत तीस वर्षं बँड शिकवत होता. त्याच्या कानाबद्दल गावात दुमत नव्हतं. चाळीस पोरं एकदम फुंकत असली तरी पाठ करून उभा राहून तो सांगायचा, की दुसऱ्या रांगेतल्या डावीकडच्या पोराचा सूर उतरलाय. आणि माझ्या बुडाबद्दल कंपनीत दुमत नव्हतं. हसू नका, मला त्याचाच पगार मिळायचा. एका मोटार कंपनीच्या चाचणी मैदानावर मी एकोणतीस वर्षं गाड्यांना दहापैकी मार्क दिले. खड्ड्यांवरून, जुन्या विटांच्या रस्त्यावरून, तिरक्या उतारावरून गाडी न्यायची आणि सीटवर बसल्या बसल्या सांगायचं, मागचा उजवा शॉकअॅब्झॉर्बर सैल आहे. मग इंजिनियर लोक यंत्रं लावायचे आणि यंत्रं तेच सांगायची. त्यामुळे माझा आकड्यांवर विश्वास बसला. यंत्राला कुणाची भीड नसते.

चेटचा विश्वास भोंग्यांवर होता. जोसेफ कँपाउ रस्त्यावरचं जुनं सिनेमागृह बंद पडलं, तेव्हा पडद्यामागचे दोन भोंगे त्याने ट्रकमध्ये घालून घरी आणले. एकेक फ्रिजएवढा. माझ्या भावजयीचं, लोरेनचं, जेवणाचं टेबल त्या दिवशी तळघरात गेलं ते सतरा वर्षं तिथेच आहे. भोंग्यांतून ट्रंपेट वाजलं की समोरच्या घरातलं कुत्रं उठून बसतं. चेट खुर्ची पुढे ओढून, डोळे मिटून बसतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

माझी तक्रार एवढीच होती, की तो त्यांना जगातले सर्वांत चांगले स्पीकर म्हणायचा.

"आवडतात म्हण," मी म्हणायची. "चांगले म्हणू नकोस. मधले सूर कर्कश आहेत, खालचे गायब आहेत. पियानो पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा वाजतो."

"तुला कुणी सांगितलं? तुझ्या यंत्राने कागदावर काढलेल्या त्या रेघेने?"

"रेघेने."

"तुझी रेघ कधी पोल्का नाचली आहे का जेनी?"

ईस्टरच्या जेवणाला हे पुन्हा झालं. तोंडात घास असताना चेट सगळ्यांसमोर म्हणाला, की मी दोन हिवाळे गॅरेजमध्ये घालवून जे स्पीकर बनवलेत ते दवाखान्यासारखे आहेत, स्वच्छ आणि उदास. त्याने ते ऐकलेही नव्हते. माझ्या गॅरेजच्या दारात उभं राहून नुसते पाहिले होते. साधी प्लायवूडची खोकी, कमरेइतकी उंच. आत काय आहे ते दिसत नाही. पण मी त्यांच्यासाठी छत्तीस वेळा आतली जोडणी बदलली होती. माइक लावून मोजायचं, बदलायचं, परत मोजायचं. शेवटी रेघ टेबलासारखी सपाट आली, म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारखे आले, तेव्हा मी गॅरेजमध्ये एकटीच नाचले होते. पोल्काच.

"पडद्यामागे ठेवू," मी म्हणाले. "तुझे आणि माझे. कुठले वाजतायत ते कुणालाच कळणार नाही. लोक ठरवतील."

चेटने काटा खाली ठेवला. "कुठले लोक?"

"तू आण. तुझेच आण."

"आणि मी पण ऐकणार."

"तू तर पहिल्या रांगेत बसायचंस."

त्याने टेबलावरून हात पुढे केला. लोरेन म्हणाली, "कुणीतरी माझ्या डुकराच्या तंगडीकडेही लक्ष द्या," पण तोपर्यंत आम्ही दोघं तारीख ठरवत होतो.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरातला हॉल मिळाला. मी आठवडाभर धड जेवले नाही. साठीला आलेली बाई, पण रात्री उठून गॅरेजमध्ये जायची आणि झालेली मोजणी परत करायची. चेटने खाटीक स्टॅशला आणलं, स्टॅशने त्याचा सगळा बोलिंगचा संघ आणला, लोरेनने तिच्या शिवणकामाच्या बायका आणल्या. चौदा लोक झाले. स्टॅशने दोन मोठे डबे भरून सॉसेज आणली, कुणीतरी बिअर. मी सांगितलं, बिअर मतदान झाल्यावर. स्टॅश म्हणाला, "मग हे मतदान नाही, उपास आहे."

आम्ही हॉलच्या टोकाला पातळ काळं कापड बांधलं. त्यामागे चारही स्पीकर. कुठली जोडी वाजवायची तो खटका होता चेटच्या मुलीच्या, पॉलाच्या हातात. ती विमा कंपनीत दावे तपासते. तिच्या चेहऱ्यावरून तिचा नवराही काही ओळखू शकत नाही. तिने कापडामागे एकटीने नाणं उडवलं आणि एका जोडीला लाल म्हटलं, दुसरीला निळं. कुठली कुठली ते तिलाच माहीत.

"चोचा जेनी," ती आतून म्हणाली. आमच्या पोलिश मंडळींत आत्या, मावशी, शेजारीण, सगळ्यांना चोचाच म्हणतात. "तू पण बाहेर जा. तुझं तोंड बघून लोक ओळखतील."

"आधी आवाज सारखा करू दे."

इथे पहिलं भांडण झालं. भोंगे थोड्याशा विजेत केवढे तरी ओरडतात. मी मीटर धरून दोन्ही जोड्यांचा आवाज काट्यावर सारखा आणला. म्हणजे चेटच्या भोंग्यांचा बराच कमी करावा लागला.

"गळा दाबतेयस त्यांचा," चेट म्हणाला.

"मोठ्याने वाजेल ते माणसाला चांगलं वाटतं. दुकानदार हेच करतात. मोजायचं तर सारखं मोजायचं."

"बँडमध्ये मी पोरांना सांगायचो, मोठ्याने वाजवा."

"म्हणूनच आईवडील मागच्या रांगेत बसायचे."

स्टॅश एवढा हसला की त्याला खुर्ची धरावी लागली. चेटही हसला. मग म्हणाला, "कर सारखं. पण एक टेप मी देणार."

त्याने खिशातून टेप काढली. त्याच्या शाळेच्या बँडची, एकाहत्तर सालची, राज्याच्या स्पर्धेतली. त्या दिवशी तो स्वतः व्यासपीठावर उभा होता. खरा आवाज कसा होता हे जगात कुणाला माहीत असेल तर त्याला. मला ही कल्पना इतकी आवडली की मी मनातल्या मनात त्याला सलाम केला. माणूस हरायला भीत नव्हता.

मी बाहेर जिन्यात जाऊन बसले. नियम म्हणजे नियम. दाराआडून नुसती घुमघुम ऐकू येत होती. एक पियानो, एक बाई गाणारी, एक पोल्का, एक तंतुवाद्यांचा तुकडा, आणि चेटची टेप. प्रत्येक दोनदा, लाल मग निळा, कधी निळा मग लाल. मी जिन्याच्या कठड्याचे गज मोजले. चप्पल काढून परत घातली. पोल्का वाजला तेव्हा आत कुणीतरी पाय आपटत होतं आणि मला कळेना तो कुठल्या रंगाला आपटतोय. शेवटची टेप सुरू झाली तेव्हा मी उभी राहिले आणि शेवटपर्यंत उभीच होते.

मग दार उघडून पॉला म्हणाली, "ये."

चौदा चिठ्ठ्या टेबलावर होत्या. पॉला एकेक उलगडून वाचू लागली, दाव्याची फाईल वाचावी तशी. "निळा. निळा. निळा. लाल. निळा." सहाव्या चिठ्ठीपासून माझे कान तापले. हॉलमध्ये लोक पुढे सरकून उभे राहिले होते, बोलिंगचा संघ तर खुर्च्यांवर चढला होता. "निळा. निळा." स्टॅश मोजत होता, बोटांवर, सॉसेजच्या तेलकट बोटांवर. शेवटी बारा निळे, दोन लाल.

"आणि निळा म्हणजे?" लोरेनने विचारलं.

पॉलाने कापडाची दोरी ओढली. तिने बांधलेली निळी फीत माझ्या प्लायवूडच्या खोक्यांवर होती.

मी काय केलं मला नीट आठवत नाही. लोरेन सांगते, मी स्टॅशच्या गळ्यात पडले आणि स्टॅशच्या ॲप्रनचा वास पुढे आठवडाभर माझ्या स्वेटरला होता. लोक खोक्यांभोवती जमले, वरून हात फिरवून बघायला लागले. बोलिंग संघातला एक म्हणाला, "बाई, ती गाणारी माझ्या मांडीवर बसली होती." त्याच्या बायकोने त्याला चिमटा काढला. चौघांनी तिथेच विचारलं, असे आम्हाला बनवून देशील का. छत्तीस वेळा मोजलेली ती रेघ बारा माणसांच्या कानात उतरली होती, आणि त्यांतल्या एकालाही रेघ वाचता येत नव्हती. एकोणतीस वर्षांत मला कंपनीने कधी एवढं मोठं काही दिलं नाही.

तेवढ्यात चेट उठला. त्याने चष्मा काढून पुसला.

"त्या बारांमधली एक चिठ्ठी माझी आहे," तो म्हणाला.

हे त्याला सांगायची गरज नव्हती. चिठ्ठ्यांवर नावं नव्हती.

"माझी टेप," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "तिसऱ्या क्लॅरिनेटची पोरगी, आयरीन. एका जागी ती उशिरा शिरली होती, व्यासपीठावर मी ऐकलं होतं. घरी भोंग्यांवर कधी ऐकू आलं नाही. सतरा वर्षं मला वाटत होतं ते मी मनाचं रचलंय. आज ऐकू आलं. आयरीन उशिरा शिरली, जेनी. तुझे स्पीकर चांगले आहेत."

मी त्याच्याशी हात मिळवला आणि मला रडू आलं. मग बिअर उघडली.

गोष्ट इथे संपायला हवी होती. मी दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या प्रार्थनेनंतर चेटला गाठलं आणि म्हणाले, माझी जोडी तू घे. मला बनवता येते, मी दुसरी बनवीन. भोंगे काढ, लोरेनला तिचं टेबल परत मिळेल.

"नको," चेट म्हणाला.

"का?"

"माझे आहेत ना."

"अरे पण तू स्वतः मत दिलंस."

"दिलं. तुझे चांगले आहेत, मला माझे आवडतात."

"का आवडतात?"

त्याने खांदे उडवले. "आवडतात."

मला इतका संताप आला की मी त्याला चर्चच्या पायऱ्यांवर सोडून निघून आले. इतक्या मेहनतीने सिद्ध केलेली गोष्ट माणूस कबूल करतो आणि मग जणू पावसाचा अंदाज ऐकावा तशी सोडून देतो. चार दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी लोरेनने केला.

"तो भोंग्यांसमोर गालिच्यावर आडवा पडलाय," ती म्हणाली. "भर दुपारी. ट्रंपेट लावून. येऊन बघ, हसतोय. तुला रागवायचंच असेल तर समोर येऊन रागव."

मी गाडीची किल्ली उचलली.

माझ्या गाडीबद्दल सांगायला हवं. चौऱ्याहत्तरची आहे, लांब, रुंद, टोमॅटोसारखी लाल, आत पांढऱ्या सीट. तेवीस वर्षं होत आली, मी दुसरी घेतलेली नाही. त्या दिवशी रागात होते म्हणून हायवेवर चढायच्या गोल वळणावर जरा जास्तच वेगाने घातली. आणि ती नेहमीसारखी कलंडली, आख्खी, तळ्यावरच्या बोटीसारखी. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं फिरलं, चाकं खाली कुठे आहेत पत्ता नाही. मी दाराला टेकले आणि मोठ्याने हसले. दर वेळी हसते. या वेळी मात्र हसता हसता थांबले, कारण मला एक कागद आठवला जो मी घरात कुणाला दाखवला नव्हता.

चेटच्या दारात मी हॉर्न वाजवला. तो मोज्यांवर बाहेर आला.

"भांडायला आलीस का?"

"बूट घाल. चक्कर मारून येऊ."

मी त्याला परत त्याच गोल वळणावर नेलं. गाडी कलंडली, त्याने वरची मूठ पकडली.

"किती मार्क देशील हिला?" मी विचारलं.

"मला काय कळतं. तू सांग. तुझा धंदा."

"साडेतीन."

"दहापैकी?"

"दहापैकी. मीच दिले. त्र्याहत्तरच्या नोव्हेंबरात ही मैदानावर आली तेव्हा. सगळं पाठ आहे मला." आणि मी गाडी चालवता चालवता म्हणून दाखवलं, माझंच वाक्य. "वळणावर अंग सोडते. रस्ता कुठे आहे हे स्टिअरिंगला ठाऊक नसते. ब्रेक मारला की नाक खुपसते. जाणत्या माणसाने घेऊ नये."

चेट मूठ सोडून माझ्याकडे वळला.

"आणि मग?"

"आणि मग पुढच्या वसंतात घेतली. कामगारांच्या सवलतीत. माझ्या वरिष्ठाला वाटलं मी चेष्टा करतेय."

त्याला आधी खोकला आला. मग तो खोकला हसण्यात गेला, मग हसणं इतकं वाढलं की त्याने समोरच्या फळीवर कपाळ टेकलं. मला गाडी बाजूला घ्यावी लागली. आम्ही दोघं हायवेच्या कडेला बसून हसत होतो आणि शेजारून जाणारे ट्रक हॉर्न देत होते.

"का घेतलीस?" त्याने डोळे पुसत विचारलं.

मी तोंड उघडलं. रंग म्हणणार होते, पण त्या वर्षी तो रंग दुसऱ्या गाड्यांनाही होता. सीट म्हणणार होते. मग पहिल्यांदा बसले तो दिवस आठवला. पाऊस नुकताच थांबला होता, मैदान रिकामं होतं, आणि त्या वाईट गाडीने मला पहिल्या वळणावर झुलवलं. मी तेव्हा पस्तिशीची होते. काय सांगणार.

"आवडली," मी म्हणाले.

"मी तुला कधी म्हटलं का, की ती वाईट आहे?"

"नाही. पण मी पण कधी म्हटलं नाही, की ती चांगली आहे."

एक मोठा ट्रक गेला आणि आमची गाडी त्याच्या वाऱ्याने डुलली.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "ते मी म्हणायला नको होतं. सतरा वर्षं म्हणत आलो." मग दार उघडून खाली उतरला. "सरक. मला चालवू दे."

चेटने माझी गाडी कधी चालवली नव्हती; मीच दिली नव्हती. त्याने तीन वेळा ते वळण घेतलं. तिसऱ्या वेळी तो बँडसमोर उभा असल्यासारखा ओरडला, "अजून. अजून. आता पितळी वाद्यं," आणि गाडी अशी कलंडली की माझी पर्स एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत गेली. घरी पोचलो तेव्हा लोरेन अंगणात उभी होती. आमचे चेहरे बघून ती म्हणाली, "पोलीस मागे आहेत का?"

त्या हिवाळ्यात मी सात जोड्या बनवल्या. चर्चच्या हॉलला एक, स्टॅशच्या दुकानाच्या वरच्या खोलीला एक, बाकीच्या त्या दुपारी ऐकणाऱ्यांना. लाकूडकाम चेटने केलं. त्याचे हात माझ्यापेक्षा चांगले आहेत, कोपरे असे जुळवतो की फट शोधावी लागते. प्रत्येक जोडी बाहेर जायच्या आधी आम्ही त्याची एकाहत्तरची टेप लावायचो. आयरीन उशिरा शिरली की चेट पेन्सिलने आतल्या फळीवर बरोबरची खूण करायचा. माझी मोजणी होतीच, पण ही खूण झाल्याशिवाय मी खोकं बंद करत नव्हते. स्टॅशच्या दुकानात कुणी विचारलं तर चेट सांगायचा, "स्पीकर घ्यायचे तर बहिणीचे घ्या. माझ्या घरी येऊ नका, तिथे वाईट आहेत."

मार्चमध्ये तो एकदा गॅरेजमध्ये सँडपेपर घासता घासता म्हणाला, "माझ्या भोंग्यांतलं ते कर्कश. कमी करता येतं का?"

मी मान वर केली नाही. जनावर जवळ आलं की हलायचं नसतं.

"येतं," मी म्हणाले. "तीन छोटे भाग. अर्ध्या तासाचं काम."

"भोंग्यांना हात न लावता?"

"बाहेरच्या बाहेर. पेटीत घालून देते."

तो पुन्हा घासू लागला. एक बाजू घासून झाल्यावर म्हणाला, "त्याला बंद करायचा खटका ठेव."

मी ठेवला. शनिवारी नेऊन बसवला, माइक लावून मोजला, दोन्हीकडून. खटका खाली असला तर रेघ बरीच सुधारते. वर असला तर जुनी तशीच, डोंगर आणि दऱ्या. चेटने दोन्ही ऐकलं, मान हलवली आणि मला कॉफी दिली. कुठलं बरं वाटलं ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. रविवारी जेवायला जाते तेव्हा ती पेटी भोंग्यामागे, भिंतीच्या बाजूला असते. वाकल्याशिवाय खटका दिसत नाही. माझी पाठ दुखते, मी वाकत नाही. लोरेन सूप वाढते, समोरचं कुत्रं उठून बसतं, आणि चेट खुर्ची पुढे ओढतो.